रिकाम्या पिंपातलं हेक्झेन

सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल असतं. एक्स्पेलरमध्ये कितीही दाबलं तरी पेंडीत सहा-सात टक्के तेल उरतंच, आणि तेवढं सोडून देणं कारखान्याला परवडत नाही. म्हणून दाणा फोडून, वाफवून, दाबून त्याचे पातळ पापुद्रे करतात आणि ते हेक्झेनने धुतात. मग पेंडीत एक टक्क्याहूनही कमी तेल राहतं. लातूर, धुळे, नागपूर भागात लोक ज्याला नुसतं ‘सॉल्व्हंट’ म्हणतात, तो हा कारखाना.

हेक्झेन खनिज तेलापासून मिळतं. रंग नाही, पाण्यापेक्षा हलकं (लिटरचं वजन साधारण ६६० ग्रॅम), पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. तेलगिरण्यांत वापरतात ते ६३ ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतं. तेल चटकन विरघळवायचं आणि थोड्याशा उष्णतेत तेलातून निघून जायचं, हा त्याचा गुण. त्याचा धोकाही नेमका याच गुणातून येतो. ते भराभर उडतं, आणि उडून गेलेलं दिसत नाही.

हेक्झेन समोर दिसत असतं तेव्हा माणूस सावध असतो. भरलेल्या टाकीजवळ कोणी विडी पेटवत नाही. पण ‘आता संपलं’, ‘लाइन रिकामी केली’, ‘पिंप कोरडं आहे’, ‘ते पाण्याबरोबर गेलं’ असं म्हटलं की सावधपणा सुटतो. म्हणून इथे भर मुख्यतः न दिसणाऱ्या हेक्झेनवर आहे.

आकडे काय सांगतात

द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानापासून निघू लागते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट आहे सुमारे उणे २२ अंश. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा उणे १८ असतो, म्हणजे तिथेही ते पेटण्याइतकी वाफ सोडत असतं. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३५ अंशांच्या वर असतो. रॉकेल हाताळून सवय झालेल्या माणसाचा हेक्झेनबद्दलचा अंदाज चुकतो तो इथेच. रॉकेल सांडलं तर पुसायला थोडा वेळ मिळतो, हेक्झेनच्या बाबतीत तो मिळत नाही.

वाफेचं हवेतलं प्रमाण १.१ टक्क्यापासून ७.५ टक्क्यांपर्यंत असेल तर मिश्रण पेट घेतं. त्याहून कमी असेल तर जळायला वाफ पुरत नाही, जास्त असेल तर हवा पुरत नाही. खालच्या मर्यादेला एलईएल म्हणतात, वरच्या मर्यादेला यूईएल.

आता हिशोब करू. एक लिटर हेक्झेन पूर्ण उडालं की २५ अंशांना जवळपास १८५ लिटर वाफ होते. ती हवेत १.१ टक्क्यापर्यंत पसरली तर सुमारे १७ घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली जवळजवळ एवढीच असते. प्रत्यक्षात वाफ खोलीभर सारखी पसरतही नाही. ती हवेच्या जवळपास तिप्पट जड असते, त्यामुळे उताराकडे धावणाऱ्या पाण्यासारखी फरशीवरून, नाल्यांतून, केबलच्या चरांतून पुढे सरकते. छातीच्या उंचीवर वाफ मोजणारा मीटर धरून ‘काही नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या पायाशी पेटण्याजोगा थर असू शकतो. म्हणून एक्झॉस्टचं तोंड जमिनीलगत हवं, आणि प्लांटमधले खड्डे व चर वाळूने भरून टाकलेले बरे. छताचा पंखा उपयोगाचा नाही. तो वाफ ढवळतो, आणि साधी मोटर असेल तर ठिणगीही पुरवतो.

यातून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. बंद टाकीत २० अंशांना हेक्झेनच्या वर साचलेली वाफ सुमारे १६ टक्के असते, म्हणजे वरच्या मर्यादेच्या बरीच पुढे. अशा टाकीच्या आत आग लागत नाही, कारण हवा कमी पडते. आपल्या उन्हाळ्यात तर वाफ आणखी दाट होते. टाकी धोकादायक होते ती उपसताना, कारण तेव्हा हवा आत येते आणि मिश्रण वरून खाली सरकत पेटण्याच्या पट्ट्यात शिरतं. भरताना बाहेर ढकलली जाणारी दाट वाफ व्हेंटच्या (वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) तोंडाशी हवेत मिसळते, आणि तिथे तोच पट्टा तयार होतो.

पिंप

२०० लिटरच्या पिंपात १.१ टक्का वाफ व्हायला किती हेक्झेन लागतं? फक्त १२ मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या पाच मिलिलिटरच्या चमच्याने अडीच चमचे. ८० मिलिलिटरच्या आसपास वरची मर्यादा येते. पिंप उलटं करून निथळवलं तरी तळाच्या घडीत आणि बुचाच्या आतल्या कडेला उरतं ते बरोबर या दोन आकड्यांच्या मधलं असतं. ज्याला आपण ‘रिकामं’ म्हणतो ते पिंप मुद्दाम मापून भरल्यासारखं स्फोटक असतं.

आणि आपल्याकडे रिकाम्या पिंपाचं काय होतं? त्याचं तोंड कापून पाण्याची टाकी करतात, पत्रा उघडून शेडला लावतात, नाहीतर तंदूर बनवतात. गॅस कटरची ज्योत लागली की पिंपाचं झाकण किंवा बूड उडतं, आणि कापणारा माणूस नेमका त्याच्यावर वाकलेला असतो. ग्राइंडर, छिन्नी-हातोडी यांनीही तेच होऊ शकतं. पाण्याने दोनदा खळबळणं म्हणजे सफाई नव्हे, कारण हेक्झेन पाण्यात विरघळतच नाही. पिंपात तेलमिश्रित हेक्झेन असेल (कारखान्यात त्याला मिसेला म्हणतात) तर मामला आणखी फसवा. थंड असताना मीटर शून्य दाखवतो, पण ज्योतीने पत्रा तापला की तेलाच्या थरातलं हेक्झेन सुटून बाहेर येतं. अशी पिंपं बुचं घट्ट लावून पुरवठादाराला किंवा पिंप साफ करणाऱ्या परवानाधारकाकडे परत द्यावीत. भंगारवाल्याला विकून येणारे पैसे या धोक्यापुढे काहीच नाहीत, आणि धोका तर दुसऱ्याच माणसाच्या गळ्यात पडतो.

गटार

१३ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराखालची गटारं फुटली. राल्स्टन प्युरिना कंपनीच्या सोयाबीन कारखान्यातून हेक्झेन सार्वजनिक गटारात गेलं होतं. त्याची वाफ भुयारी नळांतून कारखान्याबाहेर दूरवर पसरली. वरच्या रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारीच्या ठिणगीने ती पेटली असं मानलं जातं. दोन मैलांहून जास्त लांबीचे रस्ते खचले आणि उखडले. पहाटेची वेळ असल्याने कोणी मेलं नाही.

हेक्झेन पाण्यावर तरंगतं, म्हणून सॉल्व्हंट प्लांटमध्ये दोन्ही वेगळे करायला सेपरेटर असतो: वरून हेक्झेन परत वापरात जातं, खालून पाणी बाहेर. पण पंप फार ढवळत असेल किंवा कंडेन्सरमधून (वाफ थंड करून तिचा द्रव करणाऱ्या यंत्रातून) पाणी गरम येत असेल तर थर नीट वेगळे होत नाहीत. पेंडीचा बारीक भुगा आला तर मधे फेसाळ थर बसतो आणि हेक्झेन पाण्याबरोबर निसटतं. म्हणून सेपरेटरनंतरचं पाणी वाफेने ८५ अंशांच्या वर तापवून मगच सोडायचं असतं. पाण्याच्या सोबतीने हेक्झेन ६२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे ८५ ला ते उरायला नको. या गरम टाकीचा थर्मामीटर बिघडलेला असताना प्लांट चालू ठेवणं म्हणजे वाफ गावाच्या नाल्यात सोडायची तयारीच. त्यानंतरही नाल्यावर पाण्याचा सापळा आणि तपासणीचा खड्डा हवाच. हेच कॉलेजच्या प्रयोगशाळेलाही लागू आहे. कॉलम क्रोमॅटोग्राफीचं (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीचं) उरलेलं हेक्झेन बेसिनमध्ये ओतलं तर ते खालच्या मजल्यावरच्या ट्रॅपमध्ये तरंगत बसतं. आणि हेक्झेनची बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नये, त्याच्या थर्मोस्टॅटच्या खटक्यात ठिणगी असते.

वीज गेली की

प्लांट सुरळीत चालू असताना एक्स्ट्रॅक्टरमध्ये (पापुद्रे हेक्झेनने धुतात त्या यंत्रात) वाफ दाट असते, हवा नसते, आणि सगळं किंचित निर्वातात चाललेलं असतं. घोळ होतो तो चालू करताना, बंद करताना आणि वीज गेल्यावर. वीज गेली की कंडेन्सरचं थंड पाणी थांबतं, व्हेंटचा पंखा थांबतो, पण बॉयलरची वाफ आणि तापलेला माल तसाच असतो. हेक्झेन उकळत राहतं आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं.

अशा वेळी क्रम चुकता कामा नये. आधी डिसॉल्व्हंटायझर-टोस्टर (पेंडीतलं हेक्झेन तापवून काढणारं यंत्र) आणि डिस्टिलेशन (तेलातलं हेक्झेन उकळून वेगळं करणारा भाग) यांच्याकडे जाणारी स्टीम बंद करायची. मग उंचावरच्या टाकीतलं पाणी गुरुत्वाकर्षणाने कंडेन्सरला सोडायचं. जनरेटर लागेपर्यंत किमान काही मिनिटं पुरेल एवढी ती टाकी भरलेली असायलाच हवी. बाकीच्या धावपळीचा विचार त्यानंतर. जनरेटर अर्थातच प्लांटपासून दूर हवा. एनएफपीए ३६ या अमेरिकी मानकात एक्स्ट्रॅक्शन विभागाभोवती १५ मीटरचं प्रतिबंधित क्षेत्र आणि ३० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र सांगितलं आहे, आणि आपल्याकडच्या चांगल्या प्लांटचा आराखडाही याच धर्तीवर असतो.

पेंड, म्हणजे डीओसी (डी-ऑइल्ड केक, तेल काढून घेतलेली पेंड), हा आणखी एक ‘संपलेला’ हेक्झेनसाठा. टोस्टरमधून ती १०० अंशांच्या वर तापून निघायला हवी. उत्पादन वाढवायच्या घाईत माल लवकर पुढे ढकलला तर पेंडीत जास्त हेक्झेन राहतं. ते गोदामात, सायलोत, ट्रकच्या ताडपत्रीखाली हळूहळू सुटतं. नवीन पेंडीच्या बंद गोदामाचं दार उघडल्यावर आधी हवा खेळू द्यावी, दिवा नंतर लावावा.

ठिणगी कुठून येते

हेक्झेनची वाफ पेटवायला ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. नायलॉनचा शर्ट काढताना बोटाला जाणवणारी चटक याहून कितीतरी मोठी असते. म्हणजे जी ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, तीही पेटवू शकते.

हेक्झेन विजेचं अतिशय वाईट वाहक आहे. नळीतून वाहताना, गाळणीतून जाताना, वरून धार पडताना त्यात स्थिर विद्युत साठते आणि लवकर उतरत नाही. म्हणून पिंपातून भांड्यात काढताना आधी दोन्ही धातूची भांडी तारेने एकमेकांना जोडायची, पिंप अर्थिंगला जोडायचं आणि मगच बूच उघडायचं. क्लॅम्प रंगावर लावला तर त्याचा उपयोग नाही, रंग खरवडून उघड्या धातूवर लावायला हवा. ओतताना नळी भांड्याच्या तळापर्यंत न्यायची, वरून धार सोडायची नाही. नळीचं टोक द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवायचा. दोन इंची नळीत हे मिनिटाला साधारण १२० लिटर होतात. टँकर किंवा मोठी टाकी भरल्यावर लगेच डिपस्टिक किंवा नमुन्याची बाटली आत सोडायची नाही, अर्धा तास थांबायचं. काम झाल्यावर आधी बूच लावायचं आणि तारा शेवटी काढायच्या.

प्लास्टिकची बादली, कॅन आणि फनेल ही सर्रास दिसणारी चूक. प्लास्टिकला तार जोडून उपयोग नाही, कारण त्यावरचा भार तारेपर्यंत पोचतच नाही. लोखंडी कडीची प्लास्टिक बादली तर त्याहून वाईट, कारण कडीवर साठलेला भार एका ठिणगीत सुटतो.

विजेच्या सामानाचं म्हणाल तर स्फोटक वायूंच्या वर्गवारीत हेक्झेन गॅस ग्रुप आयआयए मध्ये मोडतं. ते स्वतःहून पेटतं २२५ अंशांच्या आसपास, म्हणून उपकरणाचा तापमान वर्ग टी३ लागतो, ज्यात पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जात नाही. फ्लेमप्रूफ पेटीचा (आतली ज्वाला बाहेर पडू न देणाऱ्या पेटीचा) एक बोल्ट कमी असेल किंवा केबलच्या भोकात ग्लँडऐवजी (केबल घट्ट बसवणाऱ्या जोडाऐवजी) चिंधी कोंबलेली असेल, तर ती फ्लेमप्रूफ राहत नाही. स्टीमचा आवरण नसलेला गरम पाइप हीही ठिणगीइतकीच गंभीर बाब आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

वेल्डिंग आणि कटिंगची बहुतेक कामं हंगाम संपल्यावर निघतात. ऑक्टोबरमध्ये नवीन सोयाबीन यायच्या आत सगळं आवरायचं असतं, घाई असते, आणि ‘प्लांट तर महिनाभर बंद आहे’ हा समज असतो. ज्या लाइनवर काम आहे ती फक्त व्हॉल्व्ह बंद करून वेगळी होत नाही, व्हॉल्व्ह गळतात. फ्लँज (नळीचा बोल्टचा सांधा) सोडून मधे ब्लाइंड (वाट पूर्ण बंद करणारी चकती) घालावा लागतो. मग निचरा, स्टीमिंग, हवा खेळवणं आणि तपासणी, या क्रमाने. स्टीमच्या नळीलाही अर्थिंग हवं, कारण वाफेच्या फवाऱ्यानेही स्थिर विद्युत तयार होते. स्टीमिंगनंतर टाकी बंद करून ठेवली तर आतली स्टीम थंड होऊन तिचं पाणी होतं, निर्वात होतो आणि पत्र्याची टाकी चेपते, म्हणून व्हेंट उघडं ठेवायचं.

मीटर वापरताना दोन गोष्टी पाहाव्यात. साधा एलईएल मीटर मिथेनवर बेतलेला असेल तर तो हेक्झेन कमी दाखवतो. आणि वाफ फार दाट असेल किंवा ऑक्सिजन कमी असेल तर काटा वर जाऊन परत शून्याकडे येतो, ज्याला लोक सुरक्षित समजतात. म्हणून आधी ऑक्सिजन (१९.५ ते २३.५ टक्के), मग एलईएल, आणि तेही तळ, मध्य, वर अशा तिन्ही ठिकाणी. काम चालू असताना पुन्हा पुन्हा मोजायला हवं. सकाळची कामाच्या परवान्यावरची (परमिटवरची) सही दुपारच्या हवेला लागू होत नाही.

सांडलं किंवा पेटलं तर

सांडलं की पहिली प्रतिक्रिया असते जवळचा खटका बंद करायची. तो बंद करतानाही ठिणगी पडते. वीज तोडायची तर प्लांटबाहेरच्या मेनवरून. माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्यायची, गटाराची तोंडं झाकायची, कोरड्या वाळूने अडवायचं. फेस उपलब्ध असेल तर पेटण्याआधीच वर पसरावा, वाफ दबते. कपडे भिजले असतील तर ते अंगावर असतानाच पाण्याने भिजवावे आणि मग काढावे, कोरडे ओढून काढले तर त्यातच ठिणगी होते.

आगीवर पाण्याचा जोरदार झोत मारला तर जळतं हेक्झेन पाण्यावर तरंगत दुसरीकडे जातं. छोट्या आगीला ड्राय केमिकल पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड, मोठीला फेस. पाणी वापरायचं ते शेजारच्या टाक्या थंड ठेवायला. गळती बंद करता येत नसेल तर गळणाऱ्या वाफेची ज्योत विझवून टाकणंही शहाणपणाचं नाही, वाफ साचून पुन्हा पेटते. टँकर उलटलेला दिसला आणि त्याच्या पाटीवर यूएन १२०८ हा आकडा असेल तर आत हेक्झेन आहे. गाडीचं इंजिन बंद करून, वाऱ्याची दिशा बघून लांब जावं आणि अग्निशमन दलाला तो आकडा सांगावा.

कायद्याने २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेलं पेट्रोलियम ‘वर्ग अ’ मध्ये येतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं असं द्रव एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवायची सवलत आहे, तीही काचेची बाटली एक लिटरपर्यंत आणि धातूचं भांडं २५ लिटरपर्यंत असेल तरच. त्यापुढे पेसो या केंद्र सरकारच्या यंत्रणेचा परवाना लागतो. तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे.

हळूहळू होणारं नुकसान

आगीच्या भीतीत दुसरा धोका मागे पडतो. हेक्झेनच्या मिश्रणातला एन-हेक्झेन हा घटक शरीरात २,५-हेक्झेनडायोन नावाच्या पदार्थात बदलतो आणि हातापायांच्या लांब नसा खराब करतो. सुरुवात पायांच्या बोटांना मुंग्या येण्याने होते, मग तळवे बधिर, मग चप्पल पायातून निसटणं, मूठ ढिली पडणं. चप्पल-बूट चिकटवणाऱ्या कामगारांत हा आजार इटली आणि जपानमध्ये काही दशकांपूर्वीच ओळखला गेला. चीनमधल्या सुझौ शहरात विंटेक कंपनीच्या कारखान्यात मोबाइलचे टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी लवकर सुकणारं हेक्झेन वापरलं गेलं. तिथल्या १३७ कामगारांना बाधा झाल्याचं अ‍ॅपलने २०११ मध्ये आपल्या अहवालात मांडलं.

आठ तासांच्या पाळीसाठी शिफारस केलेली मर्यादा ५० पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग. पेटण्याची खालची मर्यादा ११,००० पीपीएम. म्हणजे एलईएल मीटरवर १ टक्का दिसला तर हवेत ११० पीपीएम असतं, दुपटीहून जास्त, आणि अनेक मीटर तेवढ्याला शून्यच दाखवतात. वासावरही भरवसा नाही: हेक्झेनचा वास सौम्य असतो आणि नाकाला त्याची सवय होते. मिथाइल इथाइल कीटोन हे दुसरं द्रावक सोबत असेल तर नसांचं नुकसान वाढतं, आणि चिकट द्रावणांत हे दोन्ही अनेकदा एकत्र असतात. हातात नायट्राइलचे हातमोजे हवेत. साध्या रबराच्या हातमोज्यांतून हेक्झेन लवकर आरपार जातं.

गिळलं गेलं तर उलटी करवू नये. उलटीबरोबर ते श्वासनलिकेत गेलं तर थोडंसंही फुप्फुसाला पुरेसं असतं, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर खोकला दिसला की थेट रुग्णालय गाठावं. टाकीत कोणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उडी घेऊ नये. श्वसनयंत्र आणि दोर असलेल्या माणसानेच आत जावं.

मुंग्या येऊ लागल्या तर डॉक्टरांना ‘मी हेक्झेनमध्ये काम करतो, इतके तास, इतके महिने’ असं आपणहून सांगावं, नाहीतर तपासणी मधुमेह आणि बी-१२ भोवतीच फिरत राहते. काम थांबवल्यावरही काही आठवडे ते काही महिने लक्षणं वाढत जातात आणि मग हळूहळू उतरतात. त्या काळात ‘काम सोडूनही वाढतंय, म्हणजे कारण दुसरंच असेल’ असं समजून परत त्याच खात्यात रुजू होऊ नये.